दालनातला टॅग कसा शोधायचा?

पैठणमधल्या एखाद्या हातमाग केंद्राचं लांब दालन घेऊ. लाकडी माग, रेशमाच्या लडी, लोखंडी कपाटं. जरीच्या प्रत्येक पेटीला छोटा ब्लूटूथ टॅग लावला, तर हवी ती पेटी शोधता येईल का? येईल, पण सिग्नलची ताकद काय सांगते आणि काय नाही, हे आधी कळायला हवं.

छताखाली जीपीएस फारसं उपयोगी पडत नाही. उपग्रहाचा सिग्नल आधीच क्षीण, आणि तो सतत ऐकत राहणं नाण्याएवढ्या बॅटरीला परवडत नाही. म्हणून २०१० मध्ये आलेल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये टॅग क्षणभर जागा होऊन आपली ओळख प्रसारित करतो आणि पुन्हा झोपतो. ऐकण्या-मोजण्याचं काम विजेवर चालणारे, भिंतीवरचे रिसीव्हर करतात.

ताकद डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेतल्या डेसिबलमध्ये मोजतात. एका मीटरवर उणे ५९ भरली, तर मोकळ्या जागेत दोन मीटरवर उणे ६५, चार मीटरवर उणे ७१. अंतर दुप्पट झालं की शक्ती चौथाई उरते, म्हणजे ६ डेसिबलची घट.

दालनात मात्र हे गणित विस्कटतं. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. थेट आलेली लहर आणि कपाटावरून परतलेली लहर कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खोडतात. त्यामुळे टॅग काही सेंटिमीटर सरकला तरी आकडा बदलतो. मध्ये माणूस उभा राहिला, तर शरीरातलं पाणी सिग्नल शोषून घेतं. सहा डेसिबल घटले, की दहा मीटरवरचा टॅग वीस मीटरवर भासतो. तीन रिसीव्हरभोवती अंतराची वर्तुळं काढली, तरी ती एका बिंदूत क्वचितच मिळतात.

यावरचा जुना, भरवशाचा उपाय म्हणजे जागेचाच नकाशा करणं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० साली ‘रडार’ या प्रणालीत तो वाय-फायवर वापरला. इमारतीच्या एका मजल्यावर तीन रिसीव्हर ठेवून ठिकठिकाणची ताकद आधी नोंदवली. मग नव्या मोजमापाशी जुळणाऱ्या नोंदी शोधल्या. चूक साधारण दोन-तीन मीटर राहिली.

आपल्या दालनातही तसंच करावं. दर दोन मीटरवर टॅग ठेवून प्रत्येक रिसीव्हरचे आकडे लिहावेत. एकाच वाचनावर विसंबू नये. वीस-तीस वाचनांचा मध्यक घ्यावा. शोधताना ज्यांचे आकडे सर्वांत जवळचे, अशा तीन-चार नोंदींच्या जागांची सरासरी काढावी. कपाटं हलवली, तर नकाशा नव्याने करावा. नाथषष्ठीच्या यात्रेत गर्दीने भरलेल्या दालनात रिकाम्या दिवशीचा नकाशा चालणार नाही. गर्दीतली मोजणी वेगळी ठेवावी.

२०२४ च्या ब्लूटूथ ६.० मध्ये लहरींच्या कलेवरून (फेजवरून) अंतर मोजण्याची सोय आली आहे. ती अधिक अचूक आहे, पण टॅग आणि रिसीव्हर दोन्ही नवे लागतात. पेटी कोणत्या कपाटाजवळ आहे, एवढंच हवं असेल, तर साधे टॅग आणि काळजीने केलेली मोजणी पुरेशी आहे.