विश्लेषण : फुटबॉल गेमचे छापील गाइड रद्दीत द्यावे की जपून ठेवावे?

गणपतीच्या आधी रत्नागिरीत घरोघरी माळे रिकामे होतात. जुन्या वह्या, दिवाळी अंक, संगणकाच्या सीडी आणि त्यातच एखादे गुळगुळीत कागदाचे जाड इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठावर फुटबॉलपटू, आत बाणांच्या रंगीत आकृत्या. बहुधा मुंबईच्या चाकरमानी काका-मामाने फोर्टच्या पदपथावरून दहा-पंधरा वर्षांपूर्वी आणलेले. हे व्हिडीओ गेमचे ‘स्ट्रॅटेजी गाइड’. ज्या गेमसाठी ते आणले, त्याच्या डिस्कवर ओरखडे पडलेत आणि कन्सोलही बंद आहे. मग पुस्तक रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवायचे का? तसे करण्याआधी त्यात नेमके काय छापले आहे, ते पाहावे.

गाइडमध्ये असते काय?

फुटबॉल गेमच्या गाइडमध्ये साधारण तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला नियंत्रणांचा : कोणते बटण कधी दाबायचे, बचावात चेंडू हिसकावण्याऐवजी प्रतिस्पर्ध्यासमोर अंतर राखून कसे उभे राहायचे, वगैरे. दुसरा डावपेचांचा : 4-4-2 विरुद्ध 4-3-3, बगलेतून चढाई कधी, मधून थ्रू पास कधी. तिसरा आकड्यांचा : खेळाडूचा वेग, फटक्याची ताकद, एकूण गुण. या तिन्हींचे आयुष्य सारखे नसते आणि गाइडची किंमत ठरते ती इथेच.

ही पुस्तके बंद का झाली?

अमेरिकेतील ‘प्रायमा गेम्स’ ही या धंद्यातील मोठी कंपनी 1990 मध्ये सुरू झाली. फिफा मालिकेवर आणि अमेरिकी फुटबॉलच्या ‘मॅडन’ गेमवर तिची अधिकृत गाइड निघत. 2015 मध्ये प्रतिस्पर्धी ‘ब्रॅडीगेम्स’ तिच्यातच विलीन झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये छापील गाइड थांबवण्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी छपाई आटोपली.

कारण उघड होते. ‘गेमफॅक्स’सारख्या संकेतस्थळावर वाचकांनी लिहिलेली मोफत गाइड 1995 पासूनच मिळू लागली होती, त्यात नंतर यूट्यूबची भर पडली. आपल्याकडे तर ही पुस्तके दुकानात सहज दिसतच नसत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सीडी मिळे, गाइडसाठी जुन्या पुस्तकांचे पदपथ पालथे घालावे लागत. बाकीच्यांचे काम सायबर कॅफेतल्या प्रिंटआउटवर आणि मित्राकडच्या झेरॉक्सवर चाले.

फुटबॉलचे गाइड इतक्या लवकर शिळे का होते?

कथा असलेल्या गेममधला भुयाराचा नकाशा वीस वर्षांनीही तोच राहतो. फुटबॉल गेम मात्र दरवर्षी नवा येतो. शिवाय गाइड गेमसोबत दुकानात यायचे, म्हणजे ते आधीच लिहून छपाईला गेलेले असायचे. पुढे खेळाडू क्लब बदलतात, कंपनी इंटरनेटवरून दुरुस्त्या पाठवते आणि छापलेले आकडे तिथेच गोठून राहतात.

एक उदाहरण पुरेसे आहे. ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात आपण निवडलेल्या खेळाडूंचे आपसात किती जमते, याला ‘केमिस्ट्री’ म्हणतात. फिफा 22 पर्यंत संघाची केमिस्ट्री 100 पैकी मोजली जाई आणि मैदानावर शेजारी कोण उभा आहे यावर ती ठरे. 2022 मध्ये आलेल्या फिफा 23 ने हे गणितच बदलले : प्रत्येक खेळाडूला जास्तीत जास्त 3, म्हणजे अकरा जणांचे 33 आणि शेजाराची अटच रद्द. आधीच्या गाइडमधले हे प्रकरण एका फटक्यात निकामी झाले.

थोडक्यात, हे गेल्या वर्षीचे पंचांग. मुहूर्त पाहायला उपयोग शून्य. पण जुनी पंचांगे अभ्यासक शोधत फिरतात, हेही खरे.

मग शिळ्या आकड्यांना किंमत कसली?

याचे सर्वांत चांगले उत्तर ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ देतो. या गेममध्ये खेळायचे नसते, संघ चालवायचा असतो. 2001 मध्ये आलेल्या त्याच्या 01/02 आवृत्तीत बेलारूसचा मॅक्सिम त्सिगाल्को हा तरुण आघाडीपटू गोलांचा पाऊस पाडायचा. जगभरातल्या खेळाडूंनी त्याला आपल्या संघात घेतले. प्रत्यक्षात दुखापतींनी त्याची कारकीर्द लवकर संपली आणि डिसेंबर 2020 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी त्याचे निधन झाले. मिलवॉलच्या युवा संघातला चेर्नो सांबाही गेममध्ये महान होता, मैदानावर तेवढा झाला नाही. अशा याद्या छापलेले पान म्हणजे 2001 मध्ये फुटबॉलचे जाणकार कोणाकडे उद्याचा तारा म्हणून पाहत होते, याची नोंद. ती ना विक्रमांच्या पुस्तकात सापडते, ना विकिपीडियाच्या तक्त्यात.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. फिफा आणि ईए यांचा करार संपल्यावर, ‘ईए स्पोर्ट्स एफसी 24’ बाजारात आणताना सप्टेंबर 2023 मध्ये फिफा 14 ते 23 हे गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकण्यात आले. इंडियन सुपर लीग आणि तिच्यासोबत मुंबई सिटी एफसी पहिल्यांदा या मालिकेत आली ती फिफा 22 मध्ये. तो गेमही आज कंपनीकडून डाउनलोड विकत घेता येत नाही. अमेरिकेच्या ‘व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत, 2010 पूर्वी तिथे आलेले 87 टक्के गेम आता बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. गेमच नाहीसा झाल्यावर तो कसा खेळला जाई, हे सांगणारा कागदच उरतो.

विकून पैसे मिळतील का?

फार आशा नको. संग्राहक पैसे मोजतात ते दुर्मीळ, कथाप्रधान गेमच्या गाइडसाठी. दरवर्षी निघणाऱ्या क्रीडा गेमची गाइड त्या मानाने स्वस्तच जातात. समासात पेन्सिलीने स्वतःचे संघ आखलेले असतील, तर विक्रेता भाव आणखी पाडेल. घरच्यांनी मात्र ती पाने आधी वाचावीत.

मोबाइलवर खेळणाऱ्यांना उपयोग आहे का?

थोडाच. कोनामीने ‘पीईएस’चे नाव 2021 मध्ये ‘ईफुटबॉल’ केले आणि तो मोफत दिला. मोबाइलवर बोटाने खेळताना जुन्या कंट्रोलरची बटणे कामाची नाहीत. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळला गेलेला ‘एफसी ऑनलाइन’ही निराळा गेम आहे. डावपेचांचे प्रकरण मात्र अजून वाचण्यासारखे आहे. बगलेचा खेळाडू पुढे गेला की मागे मोकळी जागा सुटते, हे सांगायला नवी आवृत्ती लागत नाही. जिथे मोकळ्या मैदानावर आधी स्टंप ठोकले जातात, तिथल्या मुलाला हे अशा पुस्तकातून कळले तरी पुष्कळ.

कोकणात ही पुस्तके टिकवायची कशी?

खरा शत्रू पाऊस. गाइडचा कागद चकचकीत दिसतो, कारण त्यावर मातीयुक्त लेप असतो. ओल लागली की लेप चिकट होतो आणि तसाच सुकला तर दोन पाने कायमची एक होतात. मग ओढली की छपाईच निघून येते. म्हणून पुस्तक भिजलेच तर सुकण्याची वाट पाहू नये. ओले असतानाच पाने हलक्या हाताने सुटी करावीत, मध्ये बटर पेपर घालावा आणि पंख्याखाली, सावलीत वाळवावे. ओलसर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे सर्वांत वाईट, आत बुरशीच वाढते. भिंतीला टेकलेल्या कपाटापेक्षा मधला, वारा लागणारा कप्पा बरा. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा, निदान पावसाळ्यानंतर एकदा, पाने उलटून पाहावीत.

मोबाइलने पाने टिपून ठेवणेही सोपे आहे. स्वतःच्या वापरापुरती प्रत काढण्यास 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 वाजवी वापराची मुभा देते. तीच पीडीएफ टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकली, तर ती मुभा राहत नाही. कंपनीने छपाई बंद केली म्हणून हक्क संपत नाहीत.