स्कीचा बूट : घट्ट तरीही सुखकर

बर्फाच्या उतारावरून दोन लांब, अरुंद पट्ट्यांवर उभे राहून घसरत जाण्याचा खेळ म्हणजे स्कीइंग. त्या पट्ट्यांस स्की म्हणतात. नवशिका मनुष्य या खेळाचे बूट निवडू लागला म्हणजे ज्यात बोटे मोकळी हलतात तोच जोड त्याला सुखाचा वाटतो. नेहमीच्या जोड्यांना हा न्याय ठीक आहे. स्कीच्या बुटात मात्र पाय दुखण्याचे व गारठण्याचे मूळ पुष्कळदा या सैलपणातच असते.

याचे कारण असे की, हा बूट चालण्यासाठी नसून तरफेसारखे काम करण्यासाठी असतो. त्याचा तळ स्कीवर जखडलेला असतो. नडगी पुढे रेटली की स्कीच्या पुढील भागावर दाब येतो. गुडघा कलता केला की स्कीची कड बर्फात रुतते व वळण घेता येते. बुटात पाऊल सरकत असेल, तर ही हालचाल स्कीपर्यंत पोचण्यापूर्वीच विरून जाते. मग खेळाडू नकळत बोटे आवळून धरतो व बुटाचे चाप अधिकच कसतो. त्यामुळे तळपायाला पेटके येतात, पावलाच्या पाठीवरील रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बोटे बधिर होतात. कडाक्याच्या थंडीत ही हिमदंशाची पूर्वसूचना ठरू शकते.

पूर्वी हे बूट चामड्याचे असत व वापराने हळूहळू पायाच्या आकाराचे होत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग याने प्लॅस्टिकचे बूट प्रचारात आणले. प्लॅस्टिकचे कवच ताकदवान खरे, पण ते आपण होऊन सैलावत नाही. म्हणून ते पायाला बेतून देणाऱ्या कारागिराची गरज भासू लागली.

हा कारागीर प्रथम पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतो. बुटाचा क्रमांक तोच असतो. नंतर आतले मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाऊल ठेवावयास सांगतो. बोटे पुढे टेकली असता टाचेमागे साधारण एक ते दोन सेंटिमीटर जागा उरावी. अस्तर घालून ताठ उभे राहिल्यास बोटे पुढे किंचित टेकतात. गुडघे वाकवताच टाच मागे बसते व बोटे सुटी होतात. दुकानात ताठ उभे राहूनच बूट पारखणारे येथेच फसतात!

शरीराचा भार पडला की पावलाची कमान दबते व पाऊल लांबरुंद होते. म्हणून कमानीस आधार देणारा आतला तळवा बसवितात. अस्तर तापवून पायावरच आकारास आणतात. घोट्याचे वा करंगळीजवळचे हाड टोचत असेल, तर कवचाचा तेवढाच भाग तापवून बाहेर फुगवितात. वापराने अस्तर आणखी दबते, म्हणून नवा बूट जरा आवळच असावा लागतो.

गुलमर्ग किंवा औली येथे भाड्याच्या बुटांवर असे संस्कार करून घेणे शक्य नसते. तरी पाऊल मोजून क्रमांक मागता येतो, अस्तर निघत असल्यास कवचाची परीक्षाही करता येते. मोजा एकच व पातळ घालावा. दोन मोज्यांच्या चुण्या टोचतात आणि पायाला घाम येऊन तो अधिकच गार पडतो. विजारीची कड बुटात खोचू नये. नडगीवर तिचा वळ उमटतो, आणि दोष मात्र बुटाला दिला जातो.