पोलादाच्या पोटातला आकडा

एका वाचकाने विचारलं आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत स्नायपर रायफलींच्या नकला संग्राहकांच्या गळ्यात मारल्या जातात. क्ष-किरणांनी धातू तपासला, तर लबाडी उघडी पडणार नाही का?

नाही पडणार. कारण ही नक्कल अस्सल मालातूनच होते. मोसिन-नागान 91/30 ही साधी रायफल लाखोंनी निघाली. त्यातल्या अचूक मारा करणाऱ्या निवडून त्यांना डाव्या बाजूने दुर्बीण धरून ठेवणारा कोचेतोव्हचा माउंट आणि साडेतीन पट मोठं दाखवणारी पीयू दुर्बीण बसवत. दुर्बिणीत अडकू नये म्हणून बोल्टचा दांडा लांब करून खाली वळवत. नक्कल करणारा साध्या रायफलीला भोकं पाडतो, दांडा बदलतो. पोलाद त्याच कारखान्याचं, त्याच काळातलं. मूलद्रव्यांचं प्रमाण जुळणारच! तसल्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर पैसे मोजू नयेत.

खरी साक्ष देतात ते आकडे. खऱ्या स्नायपर रायफलीच्या नळीवर, मागच्या बाजूला, दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे. पुढे दुरुस्तीत दुर्बीण बदलली, की जुन्या क्रमांकावर रेघ मारून नवा घालत. त्यामुळे उघड खाडाखोडीला घाबरू नये. संशय घ्यावा तो कानस मारून गुळगुळीत केलेल्या जागेचा.

आणि इथे धातुशास्त्र कमाल करतं. जोर देऊन लिहिलेलं पान फाडलं, तरी खालच्या कोऱ्या पानावर अक्षरांचा दाब उरतो, पोलादाचंही तसंच. ठोक्याने खालचे स्फटिक खोलवर विस्कटतात. वरचा आकडा घासला, तरी हा विस्कटलेपणा राहतो, आणि आम्लात तो भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने विरघळतो. क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण चोळत राहिलं, की नाहीसा झालेला आकडा हळूहळू वर येतो. हे मिश्रण जर्मनीतल्या क्रुप पोलाद कंपनीतल्या आडोल्फ फ्राय यांचं, 1921 सालचं. त्यांना बंदुकांशी देणंघेणं नव्हतं. ताण पडल्यावर पोलाद नेमकं कुठे हार मानतं, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. आज जगभरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा त्यांचं द्रावण वापरतात. या माणसाची ओळख मात्र बाटलीवरच्या नावापुरती उरली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

फार खोल घासलं किंवा धातू तापवून लाल केला, तर आकड्याची ही खूण पुसली जाते. पण उष्णता स्वतःची खूण ठेवते. युद्धानंतर कित्येक स्नायपर रायफलींच्या दुर्बिणी काढून भोकं बुजवली, वर वेल्डिंग केलं. अशा रायफलीला कोणी पुन्हा दुर्बीण चढवली, तरी आम्ल लावताच भोकाभोवती वेल्डिंगचं कडं दिसू शकतं. साध्या रायफलीला नव्याने पाडलेल्या भोकाभोवती ते नसतं. फक्त आम्लाने पृष्ठभागावर कायमचा डाग पडतो. म्हणून आधी चुंबकीय कणांची चाचणी करावी, तिने धातूला धक्का लागत नाही.