वारंवार उतरणारी बॅटरी : जमा, खर्च आणि शिल्लक

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां मोटार, जीप, मालवाहू टेंपो किंवा ट्रॅक्टर उभा असतो. बैल आजारी पडला तर त्याचें दुखणें तोंडावरून कळतें. परंतु रात्रीं धडधाकट उभी केलेली गाडी पहाटे सेल्फ मारतांच नुसती ‘टक्’ करून गप्प बसते, तेव्हां तिच्या दुखण्याचें मूळ कोठें आहे हें सहसा कळत नाहीं. अशा वेळीं बहुतेक लोक ‘बॅटरी गेली’ असें म्हणून नवी बॅटरी विकत आणतात, आणि कित्येकदां तीही थोड्याच दिवसांत उतरूं लागते. हें नुकसान टाळतां येण्यासारखें आहे. तें कसें टाळावें हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रविद्या शिकलेला नाहीं. महसूल खात्यांत हिशेबाचीं दप्तरें लिहिण्यांत व तपासण्यांत त्याचें आयुष्य गेलें. परंतु स्वतःचें नुकसान सोसल्यावर मला असें कळून आलें कीं, बॅटरी ही एक तिजोरीच होय. तिजोरींत तूट आली असतां दप्तर पाहण्याचा जो क्रम आपण लावतों, तोच येथेंही लावावा.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. भाजीपाला बाजारांत नेण्यासाठीं आमच्या घरीं एक जुनी डिझेलची मालवाहू गाडी होती. श्रावणांत पावसाची झड लागल्यामुळें ती तीन दिवस उभी राहिली. चौथ्या दिवशीं पहाटे मेथी व कोथिंबीर भरून निघावें, तों सेल्फ लागेना. शेजाऱ्यांस उठवून, धक्का मारून गाडी चालू केली. पण बाजार समितींत पोहोंचेपर्यंत लिलाव उरकला होता व सगळा माल मातीमोल भावानें द्यावा लागला. त्याच दिवशीं जुनी बॅटरी मोडींत देऊन नवी घेतली. पुढें दिवाळीच्या सुमारास घरच्या कार्यामुळें गाडी पुन्हां चार दिवस उभी राहिली, आणि नवी बॅटरीही तशीच उतरली. मी दुकानदाराशीं भांडण्यास निघालों. वाटेंत मनांत आलें कीं, तूट आली म्हणून आपण कचेरींत कधीं तिजोरी बदलली होती काय? मी तसाच परत फिरलों व तपासणीस बसलों. तींत काय सांपडलें तें शेवटीं सांगतों; आधीं तपासणीचा क्रम सांगतों.

मोटारीच्या बॅटरींत शिशाच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडविलेल्या असतात. या जातीची बॅटरी फ्रान्समधील प्लांते या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम तयार केली. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा खण असतात, व भरलेला प्रत्येक खण सुमारें २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यांत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ म्हणजे सुमारें पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ म्हणजे फार तर पाव. येथेंच सामान्य माणूस फसतो. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखविते, म्हणजे ती ठीक आहे, असें त्याला वाटतें. वस्तुतः ती रिकामी होत आलेली असते. हें माप गाडी निदान चार-पांच तास बंद राहिल्यावर घ्यावें, कारण नुकतीच चालविलेली गाडी फुगविलेली शिल्लक दाखविते. मापासाठीं साधा मल्टिमीटर पुरतो. नव्या बॅटरीच्या मानानें त्याची किंमत अगदीं थोडी असते.

तूट खरी आहे काय? सर्वांआधीं हें पाहावें. टर्मिनलांवर पांढरा किंवा हिरवट क्षार चढला असेल, किंवा त्यांचे नट सैल असतील, तर बॅटरी भरलेली असूनही सेल्फपर्यंत प्रवाह पोहोंचत नाहीं. बॅटरीचीं झांकणें घट्ट लावून, खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून जुन्या ब्रशानें क्षार धुवावा. तें पाणी आंत जाऊं देऊं नये. नंतर टर्मिनलें कोरडीं करून नट आवळावे व वरून व्हॅसलिन चोपडावें. उणे बाजूची तार चासीला जेथें जोडलेली असते तेथेंही पाहावें. ट्रॅक्टरांत ती जागा चिखलानें गंजते. बॅटरीची पाठही पुसून ठेवावी, कारण ओलसर मळावरून थोडाथोडा प्रवाह झिरपत राहतो.

शिल्लक. बॅटरी स्वतःच नादुरुस्त आहे कीं काय, हें एका रात्रींत कळतें. ती बाहेर पूर्ण चार्ज करून आणावी, कांहीं तास तशीच ठेवून व्होल्ट मोजावे, आणि गाडीची उणे तार काढून रात्रभर राहूं द्यावी. सकाळीं १२.६ च्या जागीं १२.३ किंवा त्याहून कमी आढळले, तर दोष बॅटरींतच आहे. आंकडा टिकून राहिला, तर दुसरी परीक्षा घ्यावी. तार पुन्हां जोडून सेल्फ मारतांना दुसऱ्या माणसास मीटर पाहावयास सांगावें. भरलेली बॅटरी त्या वेळीं ९.६ व्होल्टच्या खालीं जात असेल, तर तिच्यांत दम उरलेला नाहीं, किंवा सेल्फची मोटार जड झाली आहे. झांकणें उघडणाऱ्या बॅटरींत हायड्रोमीटरनेंही पाहतां येतें. भरलेल्या खणांत कांटा १.२६ ते १.२८ दाखवितो. एकच खण इतरांहून ०.०५ नें मागें असेल, तर तो खण गेला असें समजावें. आपल्याकडील उन्हाळ्यांत चांगली बॅटरीही बहुधा तीन ते पांच वर्षेंच टिकते.

जमा. इंजिन चालू असतां अल्टरनेटर बॅटरींत भरणा करीत असतो. किल्ली फिरवितांच लागणारा बॅटरीचा तांबडा दिवा इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो जळत राहिला तर भरणा होत नाहीं. पट्टा सैल किंवा तुळतुळीत झाला आहे काय, हें इंजिन बंद करून पाहावें. अंगठ्यानें दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर लवावा, फार लवूं नये. नंतर इंजिन मध्यम वेगानें चालवून बॅटरीवर व्होल्ट मोजावे. ते १३.८ ते १४.५ असावे. १३ च्या खालीं असतील तर भरणा अपुरा आहे. १५ च्या वर असतील तर तो अतिरिक्त आहे, व त्यानें बॅटरीचें पाणी आटतें. अगदीं नव्या मोटारींत संगणक भरणा कमीजास्त करतो, म्हणून तेथें माप दोनतीनदां घ्यावें. येथें एक इशारा द्यावासा वाटतो. चालू गाडीच्या बॅटरीची तार उपटून ‘इंजिन बंद पडतें काय’ हें पाहण्याची जुनी रीत डायनॅमोच्या काळची आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडींत तसें केल्यास त्यांतील नाजुक भाग जळून जातात.

खर्च. बॅटरी निर्दोष, भरणा पुरेसा, आणि तरी गाडी दोनतीन दिवस उभी राहिली कीं उतरते, अशा वेळीं चोरखर्च आहे असें निश्चित समजावें. किल्ली काढावी, दारें लावावीं व सर्व दिवे बंद करावे. उणे तार सोडवून ती तार व बॅटरीचें टोंक यांच्या मध्यें मीटर अँपियरच्या जागीं लावावा. मीटर असा जोडलेला असतां किल्ली फिरवूं नये किंवा सेल्फ मारूं नये, मीटर जळतो. नव्या मोटारीचे संगणक झोंपी जाण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो, तोंवर थांबावें. नंतर ५० मिलिअँपियरपर्यंतचा खर्च रास्त समजावा. तो दिवसाकांठीं १.२ अँपियर-तास होतो, व बॅटरी तो आठवडाभर सहज सोसते. खर्च अधिक असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजाबरोबर आंकडा खालीं येईल, त्याच्याच ओळींत चोर आहे. सर्व फ्यूज काढूनही आंकडा कमी न झाला, तर अल्टरनेटरमधील डायोड फुटला असण्याचा किंवा कोणी थेट बॅटरीला तार जोडली असण्याचा संभव असतो. फ्यूजपेटींतून न जाणाऱ्या अशा तारा डोळ्यांनींच शोधाव्या लागतात.

आमच्या गाडींत ६०० मिलिअँपियरचा खर्च निघाला, आणि एकही फ्यूज काढून तो कमी होईना. शेवटीं बॅटरीपासून निघालेली एक बारीक तांबडी तार सांपडली. मुलानें हौसेनें गाणीं वाजविण्याचें यंत्र बसवून घेतलें होतें, व बसविणारानें त्याची तार किल्लीवरून न घेतां थेट बॅटरीला जोडली होती. यंत्र बंद दिसे, पण आंतून खात राही. दिवसाला १४.४ अँपियर-तास, म्हणजे तीन दिवसांत ४३. आणि बॅटरी ६५ अँपियर-तासांची! रोज बाजाराची फेरी होई तोंवर हा खर्च भरून निघे, म्हणून तो कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. गाडी उभी राहिली कीं तूट उघडी पडे. ती तार किल्लीच्या ओळींत घेतली, व त्यानंतर गाडी आठवडाभर उभी राहिली तरी पहिल्या सेल्फला चालू होऊं लागली.

परंतु झालेलें नुकसान भरून आलें नाहीं. बॅटरी पार उतरलेल्या स्थितींत राहिली म्हणजे पट्ट्यांवर गंधकाचा कठीण क्षार बसतो व तिची धारणा कायमची कमी होते. आमची ती नवी बॅटरी पुरीं दोन वर्षेंही टिकली नाहीं. आणि जी जुनी मोडींत दिली, ती बहुधा निर्दोष होती.

हीं सर्व कामें करतांना जवळ बिडी किंवा काडी पेटवूं नये, कारण बॅटरींतून निघणारा वायु पेट घेतो. उणे तार प्रथम काढावी व शेवटीं जोडावी. हातांतील कडें किंवा घड्याळ काढून ठेवावें. आम्ल अंगावर उडाल्यास पुष्कळ पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास धूत धूत दवाखाना गांठावा. पट्ट्या उघड्या पडल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावें, विहिरीचें घालूं नये. नव्या मोटारीची तार काढण्यापूर्वीं तिची पुस्तिका वाचावी. जुनी बॅटरी घरीं फोडूं नये, दुकानदारास परत द्यावी. शिसें हें विष आहे.

गाडी पुन्हां पहाटे गप्प बसली, तर सभासद बंधूंनीं लगेच दुकानाची वाट धरूं नये. पहिल्या रात्रीं उणे तार काढून ठेवावी, व सकाळीं शिल्लक मोजावी. एवढ्यावरून दोष बॅटरीचा कीं गाडीचा हें बहुतेक उलगडतें, व त्या परीक्षेस एक पाना आणि एक मीटर यांपलीकडे कांहींच लागत नाहीं.