बिनआरशाचा कॅमेरा

कला शाखेची विद्यार्थिनी यंत्रावर लिहायला बसली, याचे काहींना नवल वाटेल. गेल्या वर्षी मराठी विभागाने लोकगीतांच्या संकलनाचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा विभागाचा एक छोटा कॅमेरा आम्हा चार विद्यार्थ्यांच्या हाती आला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. ‘हे कसे चालते?’ असे घरी कोणाला विचारण्याची सोय नव्हती. पुष्कळसे कॅमेऱ्यानेच शिकवले. कॅमेऱ्याला हात लावायला बिचकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींपुढे ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम ‘बिनआरशाचा’ म्हणजे काय ते पाहू. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आत आलेला प्रकाश तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि तेथून वर परावर्तित होऊन लोलकामार्गे आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि चित्र उमटते. लग्नसमारंभात ऐकू येणारा तो ‘खटक्’ आवाज बराचसा या आरशाचा. १९५९ साली निकॉन एफ हा कॅमेरा आला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे व्यावसायिक छायाचित्रकारांच्या गळ्यात बहुधा याच जातीचे कॅमेरे दिसत. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ हा कॅमेरा काढला. त्यात भिंग बदलता येत होते, पण आरसा काढून टाकलेला होता. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते ते छोट्या पडद्यावर आपल्याला दिसते.

आरसा वर-खाली व्हायला जागा लागते. कॅननच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असते. आमच्या विभागाचा कॅमेरा म्हणजे २०१८ साली आलेला कॅननचा इओएस एम५०. त्यात हे अंतर अवघे १८ मिलिमीटर आहे. म्हणून तो तळहातावर मावतो. बॅटरी आणि कार्ड धरून, पण भिंग सोडून, त्याचे वजन सुमारे ३९० ग्रॅम भरते. सेन्सर मात्र २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे मोबाइलमधल्या सेन्सरपेक्षा पुष्कळ मोठा आहे. मोठ्या परातीत जसे पावसाचे पाणी जास्त साठते, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश जास्त गोळा होतो. अंधाऱ्या घरात याचे मोल कळते.

पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने आरसा गेल्याचा खरा लाभ वेगळाच आहे. फिल्मच्या काळात ३६ फोटोंचा रोल संपायचा, तो धुवून यायचा आणि मग कळायचे की चेहरा काळा पडला आहे. प्रत्येक धड्याला पैसे पडत. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात फोटो कसा येणार, उजळ की काळा, हे बटण दाबण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. चाक फिरवा, चित्र बदलते. पुन्हा फिरवा, पुन्हा बदलते. ज्याला शिकवायला घरी कोणी नाही, त्याच्यासाठी यापरता चांगला मास्तर नाही.

फिरवायच्या गोष्टी तीनच. पहिली भिंगाची झडप : एफ ३.५ म्हणजे दार बरेच उघडे, एफ ८ म्हणजे किलकिले. (आकडा लहान तेवढे दार मोठे, हे ध्यानात ठेवावे.) दुसरी वेळ : दार किती क्षण उघडे ठेवायचे. आजी जाते ओढत असताना एका सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला तर जात्याभोवती पडणारे पीठ जागच्या जागी थिजते. तिसावा भाग ठेवला तर खुंट्यावरचा हात फिरताना पुसट होतो आणि फोटोतही फिरल्यासारखा वाटतो. तिसरी आयएसओ : तो ४०० वरून ८०० केला की चित्र दुप्पट उजळते, पण पुढे पुढे रव्यासारखे कण दिसू लागतात. आमच्या पडवीत उजेड दारातूनच येतो. आजीच्या पाठीशी दार असले की तिचा चेहरा काळवंडतो. एकेक चाक फिरवावे आणि सुरकुत्या हळूहळू उजेडात येताना पाहाव्यात. पडदा तिच्याकडे वळवला तेव्हा आजी म्हणाली, “अगं, फोटू काढायच्या आधीच मी ह्यात दिसतीया की!” बिनआरशाच्या कॅमेऱ्याची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

आता व्हिडिओ. व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटोच. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाचे रोज एकेक चित्र घेऊन त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती, ती याच तत्त्वावर. आपण सेकंदाला २५ चित्रे घेतो. एसएलआरमध्ये व्हिडिओसाठी आरसा वर धरून ठेवावा लागतो, त्यामुळे डोळ्याची खिडकी काळी होते. येथे ती अडचणच नाही. एक सूचना मात्र पाळावी : २५ चित्रांना प्रत्येकी एक पन्नासांश सेकंद द्यावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. या वेळेत ते दोन फेरे बरोबर बसतात आणि चित्र लुकलुकत नाही.

ओव्या टिपायच्या तर आवाज महत्त्वाचा. कॅमेऱ्यातला माइक जात्याची घरघर आधी उचलतो. या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडता येतो, तो आजीच्या तोंडाजवळ ठेवावा. पडदा सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी जवळ असावी. शिवाय एका दमात २९ मिनिटे ५९ सेकंदांपर्यंतच चित्रण होते. ओव्यांच्या मध्ये आजी पाणी प्यायला थांबते, तेवढ्यात नवे सुरू करावे.

हा सारा खटाटोप कशासाठी? आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे, तोही मतदार ओळखपत्रावरचा. बोटाच्या पेराएवढा. त्यांचा आवाज तर कुठेच नाही. आजीला किती ओव्या येतात हे तिलाही सांगता येत नाही. जाते ओढायला घेतले की त्या येतात. जाते थांबले की त्याही थांबतात. घरचे दळण आता गिरणीतून येते. या ओव्या कोणत्याही पुस्तकात नाहीत, आणि आजीचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे.

कुठे उभे राहावे, हे मात्र कॅमेरा शिकवत नाही. उभ्याने वरून चित्रण केले की जमिनीवर बसलेली बाई लहान दिसते. तिच्यासमोर मांडी घालून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरला की ती आपल्या घरची धनीण दिसते. आणि त्याआधी तिला विचारावे, नंतर तिला दाखवावे.

आजीच्या चित्रणाची एक प्रत विभागात आहे, एक घरी. कॅमेरा मराठी विभागाच्या कपाटात असतो आणि नोंदवहीत सही केली की मिळतो. त्या वहीत अजून चारच नावे आहेत.