घोरण्यावर हसू नका
घोरता घोरता १० सेकंद किंवा जास्त श्वास थांबतो आणि माणूस दचकून धाप टाकतो, तो स्लीप ॲप्निया. तासाला ३० वेळा असं झालं तर आजार तीव्र. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता.

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी या आजारावर सीपॅप मशीन आणलं. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. मी रोज लावतो, सकाळी डोकं हलकं असतं. उदगीरकरांनो, लाईट गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर हवाच. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी अजिबात घालू नका, तळाला पांढरा क्षार धरतो. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. कुशीवर झोपा, रात्रीची दारू सोडा.

तपासणीला जाताना घरच्यांना सोबत न्या. श्वास थांबलेला त्यांनीच पाहिलेला असतो.