तारीख ग्वाल्हेरला, पक्षकार पुण्यात! ऑनलाइन सुनावणीत नीट कसं बोलायचं?

ग्वाल्हेर : लष्कर भागातला वडिलोपार्जित वाडा, दोन चुलत घरांत वाटणीचा दावा आणि वारसांपैकी कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, कुणी बेळगावात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे चित्र नवं नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास इथं छावणी टाकली, तेव्हापासून अनेक मराठी कुटुंबं इथं स्थिरावली. पुढची पिढी नोकरीसाठी बाहेर पडली, पण मालमत्ता आणि तिचे खटले इथंच राहिले.

पूर्वी प्रत्येक तारखेला रेल्वेचं आरक्षण, दोन-तीन दिवसांची रजा आणि राहण्याचा खर्च ठरलेला असे. आता न्यायालयाने परवानगी दिली तर काही सुनावण्यांना घरून हजर राहता येतं. सोय मोठी आहे. पण समोरचा मंच कोर्टाचाच आहे, हे विसरलं की नुकसान होतं.

कायदा काय म्हणतो?

याची सुरुवात एका महाराष्ट्रातल्या खटल्यातूनच झाली. अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष हवी होती, पण तो भारतात यायला तयार नव्हता. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2003 रोजी अशी साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येते, असा निर्णय दिला. कोरोनाकाळात, 6 एप्रिल 2020 रोजी, त्याच न्यायालयाने देशभरातल्या कोर्टांना व्हिडिओ सुनावणीचा मार्ग मोकळा करून दिला. मध्यप्रदेश उच्च न्यायालयानेही याचे नियम केले. या न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला असून ग्वाल्हेर आणि इंदूरला खंडपीठं आहेत. फौजदारी बाबतीत, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 530 मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कामकाज चालवण्याची तरतूद आहे.

मात्र ऑनलाइन हजेरी हा आपोआप मिळणारा हक्क नाही. वकिलामार्फत विनंती करावी लागते आणि निर्णय न्यायाधीशांचा असतो. साक्ष द्यायची असेल तर साक्षीदाराच्या बाजूलाही समन्वयक लागतो. दुसऱ्या जिल्ह्यात तो तिथल्या न्यायालयाचा कर्मचारी असतो, परदेशात भारतीय दूतावासाचा अधिकारी. म्हणजे पुण्यातला साक्षीदार बहुधा पुण्याच्याच कोर्टात बसून ग्वाल्हेरला साक्ष देतो.

कुठं चुकतं?

जून 2020 मध्ये एक वकील टी-शर्ट घालून, पलंगावर आडवे होऊन सर्वोच्च न्यायालयासमोर आले. त्यांना माफी मागावी लागली. जून 2025 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या सुनावणीत एक जण चक्क शौचालयात बसून हजर झाला. त्याला दंड भरावा लागला. ही टोकाची उदाहरणं झाली. रोजच्या चुका साध्या असतात: मागे चाललेला टीव्ही, चालत्या गाडीतून हजेरी, उघडा राहिलेला माइक.

बोलताना हे सांभाळा

- लिंक वेळेच्या अर्धा तास आधी उघडून आवाज आणि चित्र तपासा. उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो.
- स्क्रीनवर स्वतःचं पूर्ण नाव ठेवा. 'बाळूचा मोबाइल' असं नाव दिसलं तर कोर्टाच्या कर्मचाऱ्याला कोण आलंय ते कळत नाही.
- आपली पाळी येईपर्यंत माइक बंद. समोरच्याचं वाक्य संपलं की क्षणभर थांबून बोला. ऑनलाइन आवाज थोडा उशिरा पोहोचतो. दोघं एकदम बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही.
- मान हलवू नका, 'हाँ' किंवा 'नहीं' तोंडाने म्हणा. नोंद शब्दांची होते.
- न्यायाधीशांना 'सर', 'मॅडम' किंवा 'युवर ऑनर' म्हटलेलं चालतं. ऐकू आलं नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका, प्रश्न पुन्हा विचारायची विनंती करा.
- साक्ष देताना खोलीत दुसरं कुणी नको. शेजारून कुणी सांगतंय अशी शंका आली तरी साक्षीचं वजन कमी होतं.
- परवानगीशिवाय रेकॉर्डिंग किंवा स्क्रीनशॉट घेण्याला मनाई आहे. घरच्या ग्रुपवर टाकायलाही नाही.
- लाइन तुटली तर लगेच वकिलाला फोन करा. आधीच तसं ठरवून ठेवा.

मराठी माणसाची हिंदी

ग्वाल्हेरच्या जिल्हा न्यायालयांत कामकाज हिंदीत चालतं. आपली हिंदी बाजारात चालून जाते, पण कोर्टात शब्द नेमका लागतो. इथल्या महसूल दप्तरात सातबारा नाही, 'खसरा' आणि 'खतौनी' असते. तलाठ्याला 'पटवारी' म्हणतात, फेरफाराला 'नामांतरण'. मृत्युपत्र म्हणजे 'वसीयत', कुलमुखत्यारपत्र म्हणजे 'मुख्तारनामा', प्रतिज्ञापत्र म्हणजे 'शपथपत्र'.

काही शब्द सारखे दिसून फसवतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, तर 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. आकड्यांत तर हमखास गोंधळ होतो: आपलं 'एकोणपन्नास' तिकडे 'उनचास' असतं. म्हणून रक्कम, सर्व्हे नंबर आणि तारीख सांगताना एकेक अंक सुटा सांगा. हिंदीत अडत असेल तर वकिलाला आधीच कळवा, म्हणजे दुभाष्याची मागणी वेळेत करता येईल.

समोरचं कोर्ट खरं आहे ना?

ऑनलाइन कोर्टाची सवय झाली, तसा त्याचा गैरफायदाही सुरू झाला. 2025 मध्ये ग्वाल्हेरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना नाशिक पोलिसांच्या नावाने फोन आला. मनी लॉन्ड्रिंगची भीती दाखवून त्यांना 26 दिवस 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवलं गेलं आणि सुमारे अडीच कोटी रुपये उकळण्यात आले. देशात इतरत्र तर भामट्यांनी खोटं सर्वोच्च न्यायालयही व्हिडिओवर उभं केलं होतं.

फरक ओळखणं अवघड नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. खरं कोर्ट व्हिडिओ कॉलवर पैसे 'तपासणीसाठी' वळवायला सांगत नाही, घरच्यांना सांगू नका असं बजावत नाही आणि कॅमेऱ्यासमोर दिवसरात्र बसवून ठेवत नाही. खऱ्या खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर टाकला की पक्षकारांची नावं आणि पुढची तारीख दिसते. लिंक आपल्या वकिलाकडून किंवा न्यायालयाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शंका आली तर कॉल बंद करा, घरच्यांना आणि वकिलाला सांगा. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही उशीर न करता 1930 वर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर खटला असेल तर तारखेच्या आदल्या दिवशी त्यांच्यासोबत एकदा व्हिडिओ कॉल करून सराव करून घ्या. माइक कुठं बंद होतो आणि खरी लिंक कुणाकडून येणार, या दोन गोष्टी त्यांना ठाऊक असल्या तरी निम्मं काम झालं.